जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल: कोणी घ्याव्यात, कोणी टाळाव्यात?

रेवती_ठाणे

हे लिहायला तीन आठवडे उशीर झालाय. आधी घर सावरायचं होतं.

सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. ११ वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलली, धातूची बसवली. तेव्हापासून रोज रात्री रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि दर महिन्याला आयएनआरची तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची. आकडा जितका जास्त तितकं रक्त पातळ. त्यांचा आकडा २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायचा असतो. तो त्या स्वतः वहीत तारीख घालून लिहितात, एकही महिना चुकवलेला नाही. मागच्या महिन्यात सकाळी पूजेला बसल्या आणि नाकातून रक्त सुरू झालं. वीस मिनिटं नाक दाबून धरलं तरी थांबेना. दवाखान्यात नेलं, आयएनआर ४.९.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "नवीन काय सुरू केलंय?" आम्ही म्हटलं, काहीच नाही. सासूबाई गप्प. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी देव्हाऱ्याखालच्या खणातून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल, हजार मिलिग्रॅमच्या. भिशीतल्या मैत्रिणीने गुडघ्यांसाठी सुचवल्या होत्या. बाटलीवर दिवसाला दोन असं लिहिलंय, पण दुखणं लवकर जावं म्हणून त्या सहा घेत होत्या. पाच आठवडे. "ते काय औषध आहे का गं, जवस तर आपण खातोच," एवढंच म्हणाल्या.

खरं तेच सांगायचं तर त्याच आठवड्यात दाढेसाठी अँटिबायोटिकही चालू होतं आणि तोंड दुखतंय म्हणून जेवण निम्म्यावर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोष एकट्या तेलावर टाकता येणार नाही, तीनही गोष्टी एकत्र आल्या. आता बऱ्या आहेत.

रात्री मी एक कॅप्सूल कात्रीने कापली आणि वास घेतला. दाराला नवा रंग दिल्यावर घरात जो वास कोंडतो ना, अगदी तो. आईच्या घरी जवसाची चटणी खाऊन मोठी झालेय मी, असा वास कधी आला नव्हता.

या तेलाचा नक्की उपयोग काय, आणि कोणी घेऊ नये, हे नीट माहीत असलेल्यांनी कृपया लिहा. आमच्या सोसायटीत निदान आठ-दहा जणी घेतात.

फार्मासिस्ट_सांगली

रेवतीताई, वेळेवर नेलंत हे फार चांगलं केलंत. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. काही अँटिबायोटिकं या गोळीचं काम वाढवतात. रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के आतड्यातले जिवाणू तयार करतात, तेही अँटिबायोटिकाने कमी होतात. त्यात जेवण घटलं म्हणजे भाज्यांतून येणारं के घटलं. आयएनआर चढायला एवढं पुरेसं आहे.

जवसाच्या तेलाचा वाटा वेगळ्या जागी येतो. रक्त गोठताना प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी एकमेकींना चिकटतात, ती चिकटण्याची क्रिया तेलातल्या ओमेगा-३ या स्निग्ध आम्लामुळे थोडी मंदावू शकते. माशाच्या तेलावर याचा अभ्यास जास्त झालाय. जवसाच्या तेलावर कमी, आणि निष्कर्षही एकसारखे नाहीत. पण ज्याचं रक्त आधीच औषधाने पातळ केलेलं आहे त्याने डॉक्टरांना न सांगता हे तेल सुरू करू नये, हा सल्ला सगळीकडे दिला जातो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही तो लागू आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर, दोघांनाही सांगा. बहुतेक जण दोन आठवडे आधी असे सगळे पूरक पदार्थ बंद करायला लावतात.

माझ्या काउंटरवर रोजचं चित्र असं. चिठ्ठीतल्या गोळ्यांबद्दल लोक चार प्रश्न विचारतात. कॅप्सूलची बाटली मात्र फरसाणाच्या पाकिटासारखी उचलून पिशवीत टाकतात. अशा बाटल्यांवर आपल्याकडच्या नियमांप्रमाणे 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ इंग्रजीत छापावी लागते. ती ओळ शोधून वाचा. गुडघेदुखी बरी करतो असं सांगून कोणी हे विकत असेल तर बाटलीवरची ओळच त्याला खोटं पाडते.

अरुणकाका_डोंबिवली

मी दोन वर्षं घेतोय. कोलेस्टेरॉल २४० वरून १९० वर आलं. काही त्रास नाही. सगळ्याच नैसर्गिक गोष्टींना घाबरवून सोडू नये असं मला वाटतं. आमच्या ग्रुपवर तर एकाने सांगितलंय की रक्त पातळ करायच्या गोळ्यांऐवजी जवसाचं तेल घेतलं तरी तेच काम होतं, आणि दुष्परिणाम नाहीत.

फार्मासिस्ट_सांगली

अरुणकाका, तुमचा अनुभव तुमचा, त्याबद्दल वाद नाही. पण ग्रुपवरचं ते शेवटचं वाक्य पुढे कोणालाही पाठवू नका, हात जोडून सांगतो. धातूची झडप असलेल्या माणसाने गोळी बंद केली तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते. ती झडप अडकवते, नाहीतर सुटून मेंदूत जाते आणि अर्धांग जातं. जवसाचं तेल हे थांबवू शकत नाही, चमचाभर घ्या नाहीतर वाटीभर. ॲट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी, गोळी घेणाऱ्यांचंही तेच. गोळीचा डोस फक्त डॉक्टर बदलतील.

विनिपेगकर

मूळचा नाशिकचा, पंधरा वर्षं कॅनडात. आमच्या प्रेअरी म्हणजे सपाट गवताळ मैदानाच्या भागात जवस मैलोन्‌मैल पिकतो, त्यामुळे त्यावरचं संशोधन इथे घरच्यासारखं झालंय.

विनिपेगच्या सेंट बोनिफेस हॉस्पिटलमधल्या गटाने पायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या ११० रुग्णांवर अभ्यास केला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रोज ३० ग्रॅम दळलेला जवस बन, बिस्किटांसारख्या पदार्थांतून दिला, दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे जवस नसलेले पदार्थ. सहा महिन्यांनी जवसवाल्यांचा वरचा रक्तदाब साधारण १० ने आणि खालचा ७ ने कमी भरला. खाण्याच्या एका वस्तूसाठी हा फरक मोठा आहे. पण दिलं होतं ते दळलेलं बी. तेल नव्हे, कॅप्सूल तर नव्हेच.

कोलेस्टेरॉलचंही तसंच. २००९ मध्ये २८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा अख्ख्या जवसाने कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं, तेलाने नाही. २०१४ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते असा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली, ती दळलेल्या जवसाला. आणि त्यामागचं प्रमाण आहे दिवसाला ४० ग्रॅम.

कारण सरळ आहे. जवसात तंतू असतात, पाण्यात घातल्यावर बुळबुळीत होतो तो भाग. आणि लिग्नॅन नावाची द्रव्यं असतात. घाण्यातून तेल निघतं तेव्हा हे दोन्ही पेंडीत राहतं. तेलात उरतो तो मुख्यतः अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींमधला ओमेगा-३. तेलाचा जवळपास निम्मा किंवा थोडा जास्तच भाग तो असतो. चांगलाच आहे तो. शरीर स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळवावा लागतो. दिवसाला पुरुषांना साधारण १.६ ग्रॅम, बायकांना १.१ ग्रॅम पुरेसा मानतात.

आता हिशेब करा. हजार मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल म्हणजे साधारण १ ग्रॅम ओमेगा-३. दळलेल्या जवसाचा एक मोठा चमचा, ७ ग्रॅमचा, म्हणजे साधारण १.६ ग्रॅम, वर तंतू आणि लिग्नॅन आहेतच. रेवतीताई, तुमच्या आईची चटणी या बाटलीच्या पुढे आहे.

अरुणकाका, राग मानू नका. त्या दोन वर्षांत चालणं, खाणं किंवा एखादी गोळी, काही बदललं होतं का?

अरुणकाका_डोंबिवली

राग कसला. बदललं होतं. त्याच सुमारास डॉक्टरांनी रात्रीची एक छोटी गोळी सुरू केली होती. मी श्रेय तेलाला देत होतो, कारण ते मी माझ्या मनाने सुरू केलं होतं. ग्रुपवरचा तो मेसेज चुकीचा आहे असं आत्ताच तिथे लिहिलंय.

मृण्मयी५

मला पाचवा महिना चालू आहे. शाकाहारी असल्याने बाळाच्या मेंदूसाठी ओमेगा-३ म्हणून या कॅप्सूल घ्यायला एका ओळखीच्यांनी सांगितलंय. आणि आई म्हणते, अळशीचे लाडू आपल्याकडे बाळंतिणीला देतातच. मग घेऊ ना?

फार्मासिस्ट_सांगली

मृण्मयीताई, बाळंतिणीला देतात ते अळिवाचे लाडू. अळीव म्हणजे तांबूस, बारीक दाणा, नारळाच्या पाण्यात भिजवतात तो. अळशी म्हणजे जवस, चपटा, चकचकीत, तपकिरी. नावं जवळची म्हणून दुकानातसुद्धा घोळ होतो. ही दोन वेगळी झाडं आहेत.

गरोदरपणात जवस मोठ्या प्रमाणात आणि जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल टाळायला सांगतात. बियांतल्या लिग्नॅनचा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा सौम्य परिणाम होऊ शकतो आणि तेलाचेही गरोदर बायकांवर पुरेसे अभ्यास झालेले नाहीत. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागतो तो डीएचए, ओमेगा-३ चाच दुसरा प्रकार. जवसातल्या ओमेगा-३ पासून शरीर डीएचए बनवतं खरं, पण अगदी थोडा, शंभरात एखादा भाग म्हणा. शाकाहारी असाल तर शेवाळापासून काढलेला डीएचए मिळतो. त्याबद्दल तुमच्या डॉक्टरबाईंना विचारा आणि त्या सांगतील तेवढाच घ्या. कॅप्सूलचं वरचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं असतं. पाकिटावर हिरवा ठिपका आहे का तेही पाहा.

वैद्य_सावंतवाडी

'आयुर्वेदात सांगितलंय' असं म्हणून हे तेल विकलं जातं, म्हणून लिहिणं भाग आहे. अतसी म्हणजे जवस आमच्या ग्रंथांत आहे. भावप्रकाशात तिला स्निग्ध, पचायला जड, उष्ण आणि वातघ्न, म्हणजे वात कमी करणारी, म्हटलंय. गुडघेदुखीचा धागा तिथून जुळवतात. पण त्याच श्लोकात ती दृष्टीला आणि शुक्राला अहितकर असल्याचंही सांगितलंय. हा अर्धा भाग जाहिरातीत येत नाही. जवसाचं पोटीस बांधून वरून शेकणं हा आमच्याकडचा जुना उपाय आहे, ठणकणाऱ्या गळवावर मी तो आजही सांगतो. पोटात रोज तेल, तेही स्वतःच्या मनाने तिप्पट, असं कोणीच सांगितलेलं नाही.

कव्हरड्राइव्ह

विषय थोडा वेगळा, पण महत्त्वाचा. शाळेत असताना नवी बॅट आणली की कापसाच्या बोळ्याने तिला अळशीचं तेल लावायचो, दोन दिवस आडवी ठेवून सुकवायचो. ते तेल हार्डवेअरच्या दुकानातून यायचं. मागच्या वर्षी कळलं की आमच्या गल्लीतले एक आजोबा त्याच दुकानातून 'जवसाचं शुद्ध तेल' आणून रोज सकाळी चमचाभर पितात. डब्यावर 'बॉइल्ड' छापलेलं. मी डबा घेऊन दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, यात लवकर वाळण्यासाठी रसायनं घातलेली असतात, हे खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीसाठी (पुट्टीसाठी) आणि फर्निचरसाठी आहे, पिण्यासाठी कोण नेतं? आजोबांनी मात्र विकत घेताना कशासाठी हवंय ते सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

आणखी एक. या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळू द्या.

फार्मासिस्ट_सांगली

कव्हरड्राइव्हने फार मोलाचं लिहिलंय. बॉइल्ड तेलात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घालतात. नुसतं कच्चं असं लिहिलेला डबासुद्धा हार्डवेअरचा असेल तर खायचा नाही, तो खाण्यासाठी बनवलेलाच नसतो.

रेवतीताईंना आलेला रंगाचा वास याच गुणामुळे आहे. जवसाचं तेल हवा लागली की भराभर वाळतं, म्हणून तर ते रंगात घालतात. बाटलीत तेच होतं तेव्हा आपण तेल खवट झालं म्हणतो. ताज्या तेलाला कच्च्या सुक्यामेव्यासारखा हलका वास असतो. कडू लागलं किंवा रंगासारखा, माशासारखा वास आला की टाकून द्या. कॅप्सूलमध्ये अडचण ही की वास कवचाआड राहतो. दर बाटलीतली एक कापून बघायची सवय लावा. तेल घ्यायचंच असेल तर गडद काचेच्या लहान बाटलीतलं, फ्रीजमध्ये ठेवायचं, महिना-दीड महिन्यात संपवायचं. फोडणीला किंवा तळायला वापरायचं नाही, कच्चंच भातावर, कोशिंबिरीवर घ्यायचं. एकदम जास्त घेतलं तर जुलाब होतात.

निळाफुलोरा_भंडारा

सगळं वाचलं. आमच्याकडे हे पीक घरचं आहे, म्हणून लिहितो.

धान कापणीच्या आधी, बांधीत म्हणजे धानाच्या शेतात ओल असतानाच, उभ्या धानात जवस फेकून देतो. त्याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, पाणी नाही, धान निघालं की खालून जवस वर येते. पौष महिन्यात सकाळी सातला या, सगळी बांधी निळी दिसते. दुपारी या, पाकळ्या गळलेल्या असतात.

'तळायचं नाही' वाचून आई विचारून राहिली, मग आपण इतकी वर्षं काय खाल्लं? आमच्या भागात जवसाचं तेल हेच घरचं तेल होतं. नागपूरकडचं सावजी मटणही जुने लोक याच तेलात करत. आजी आधी तेल कढवून घ्यायची, धूर निघेस्तोवर, मग त्यात कांदा टाकून वास मारायची. फार्मासिस्टसाहेब, ते चुकीचं होतं काय?

फार्मासिस्ट_सांगली

दादा, ते तुमचं अन्न होतं आणि घाण्यावरून आठवड्याला ताजं यायचं, त्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त धूर निघेपर्यंत तापवल्यावर त्यातला ओमेगा-३ मोडतो आणि नको ती द्रव्यं तयार होतात. त्यामुळे ओमेगा-३ साठी म्हणून घेणाऱ्याने ते तापवण्यात अर्थ नाही.

निळाफुलोरा_भंडारा

समजलं. यावरून आठवलं, भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत टीएल-९९ नावाचं वाण काढलं आहे. त्याच्या तेलात लवकर खवट होणारा हा लिनोलेनिकचा, म्हणजे ओमेगा-३ चा, भाग ५ टक्क्यांच्याही खाली आणला, म्हणजे ते टिकतं आणि स्वयंपाकाला चालतं. आता एकाच नावाची दोन तेलं बाजारात येतील. एक ओमेगा-३ साठी, एक कढईसाठी. जवसाचं तेल घेताना कोणतं आहे हे विचारणं आलं. नुसतं नाव पाहून घेऊ नका.

विनिपेगकर

हे मला नवीन होतं. धन्यवाद दादा. बी खाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या. अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो, कुटून किंवा दळूनच खा, आणि वर पाणी प्या. आणि कच्च्या जवसात सायनाइड सोडणारी द्रव्यं थोडी असतात. भाजल्याने ती कमी होतात. चमचा-दोन चमच्यांना घाबरायचं कारण नाही, पण कच्चं पीठ वाटीभर पाण्यात कालवून पिण्याचे जे प्रकार चाललेत ते करू नका. रोजच्या गोळ्या असतील तर जवस आणि गोळी यात दोन तासांचं अंतर ठेवा, तंतूंमुळे गोळी नीट शोषली जात नाही.

रेवती_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी सासूबाईंना पूर्ण वाचून दाखवला. टीएल-९९ वाला भाग दोनदा.

काल आयएनआर २.८ आला. बाटली टाकून दिली. डॉक्टरांना चटणीबद्दल विचारलं. ते म्हणाले, चमचाभर चालेल, पण रोज तेवढीच, आज चार चमचे आणि उद्या काही नाही असं नको, आणि पुढची आयएनआर महिन्याऐवजी दोन आठवड्यांनी करा. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टकडे जातोय, मांडीचे व्यायाम दिलेत. भिशीच्या मैत्रिणीला सासूबाईंनी स्वतः फोन केला. ती बाई मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर अ‍ॅस्पिरिनही घेते, तिने डॉक्टरांना काही सांगितलेलंच नव्हतं. आज जाणार आहे.

वहीत सासूबाईंनी आयएनआरच्या शेजारी नवा रकाना आखलाय, 'नवीन काय'. त्यात दाढेचं अँटिबायोटिकही मागच्या तारखेने लिहून घेतलंय.

दादा, चटणीसाठी जवस किती भाजायचं? माझं दर वेळी करपतं.

निळाफुलोरा_भंडारा

ताई, मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत. तडतड सुरू झाली की हात थांबवू नका, आणि तडतड कमी व्हायला लागली की लगेच ताटात काढा, कढईत ठेवलं तर तिच्या उष्णतेनेच करपते. पूर्ण थंड झाल्यावर कुटा, गरम कुटलं तर तेल सुटून गोळा होतो. लसूण, लाल मिरची, मीठ. वाटीभरच करा, आठवड्यात संपेल एवढी. आजींना रक्ताची गोळी आहे तर लसूणही दोन पाकळ्यांवर ठेवा, आणि डॉक्टरांना तेही सांगून घ्या.